दूधआई हलीमा सादिया (र.)

पाचगणीला मुलांना पाठवण्याची रीत शंभराहून अधिक वर्षांची आहे. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने १८६०च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधोमध वस्ती वसवायला घेतली. आधी हवेसाठी माणसे आली, मग निवासी शाळा आल्या. मुंबईच्या दमट हवेत खोकणारी, साथीच्या तापाने वाळलेली पोरे आईबाप काळजावर दगड ठेवून पसरणीचा घाट चढून इथे आणून सोडू लागले. सुमारे १३०० मीटर उंचीवरची कोरडी, स्वच्छ हवा आणि चांगली भाषा या दोन गोष्टींसाठी त्यांनी मुलांचा दुरावा सोसला. आजही सोसतात. भाषा तेवढी इंग्रजी असते.

नेमक्या याच दोन गोष्टींसाठी मक्केतले कुरैश आपली तान्ही मुले शहराबाहेर पाठवत असत. मक्का डोंगरांच्या खोबणीतले, उकाड्याचे, व्यापारी तांड्यांचे शहर. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक काफिल्याबरोबर माल येई तसे आजारही येत. म्हणून मूल जन्मले की काही दिवसांतच त्याला वाळवंटातल्या एखाद्या टोळीतील दाईकडे सोपवायचे. तिथे ते उघड्या हवेत वाढेल, अंगाने काटक होईल आणि बाजारी भेसळ नसलेली शुद्ध अरबी बोलायला शिकेल, असा हिशेब. दायांमध्ये बनू साद या टोळीचे नाव मोठे होते. ही टोळी हवाजिन या मोठ्या कबिल्याची शाखा. तिची वस्ती ताइफच्या बाजूला होती. ताइफ हे मक्केपासून ७०-८० किलोमीटरवरचे थंड हवेचे गाव. पाचगणीला स्ट्रॉबेरी, तशी ताइफला द्राक्षे, डाळिंबे आणि गुलाब.

या बनू सादमधल्या हलीमा बिन्त अबू जुऐब म्हणजेच हजरत हलीमा सादिया (र.). पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या दूधआई. मुस्लिम घरांत हे नाव माहीत नाही अशी व्यक्ती सापडणार नाही. कितीतरी मुलींची नावे हलीमा असतात, सादिया असतात. पण बहुतेकांना त्यांची कथा एका चमत्कारापुरती ठाऊक असते. त्या चमत्काराच्या अलीकडे एक उपाशी आई होती आणि पलीकडे जवळपास साठ वर्षे पुरलेले एक नाते होते. त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

साल इसवी सन ५७० किंवा ५७१. बनू सादच्या मुलखात दुष्काळ पडला होता. हलीमा, त्यांचे पती हारिस बिन अब्दुल उज्जा आणि अंगावरचे तान्हे बाळ अब्दुल्लाह असे तिघे टोळीतल्या इतर बायकांबरोबर मक्केला निघाले. दूध पाजायला मूल मिळाले तर त्याच्या बापाकडून धान्य, कापड, चार पैसे मिळतील आणि दुष्काळ निभावेल, एवढीच आशा. बसायला एक पांढुरकी गाढवी होती, पण ती इतकी मरतुकडी की तिच्यामुळे सगळा तांडा खोळंबत होता. सोबत एक म्हातारी उंटीण होती, तिच्या कासेतून थेंबभर दूध निघत नव्हते. आणि खुद्द हलीमांचा पान्हा आटत चालला होता. अब्दुल्लाह रात्रभर भुकेने रडायचा. त्याच्या रडण्याने आई-बाप दोघांनाही झोप नसायची.

इथे क्षणभर थांबायला हवे. स्वतःच्या लेकराला पोटभर पाजता येत नाही अशी आई दुसऱ्याचे लेकरू पाजायला निघाली आहे. दाईचा धंदा म्हणून याकडे पाहणे सोपे आहे. पण गरीब घरातल्या बाईला हा हिशेब काय पडत असेल, हे ऊसतोडीला किंवा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत मजुरीला जाणाऱ्या बाळंतिणीला विचारावे. रोजगार हवा तर बाळ घरी ठेवायचे, बाळाला पाजायचे तर रोजगार बुडवायचा. हलीमांपुढचा पेच याच जातीचा होता.

मक्केत पोचल्यावर प्रत्येक बाईला बीबी आमिना यांच्या बाळाबद्दल सांगितले गेले, आणि प्रत्येकीने नकार दिला. कारण बाळाचे वडील अब्दुल्लाह जन्माआधीच वारले होते. दाईला मेहनताना आणि भेटवस्तू देतो तो बाप. अनाथ मुलाची आई किंवा आजोबा काय देणार, असा सगळ्यांचा विचार, आणि हलीमांचाही तोच. ही गोष्ट जुन्या चरित्रकारांनी लपवलेली नाही आणि ते बरेच झाले. हलीमांनीही आधी त्या बाळाला नाकारले होते. पण एकेक करून सगळ्या बायकांना मुले मिळाली, निघायची वेळ झाली आणि हलीमांची ओंजळ रिकामीच राहिली. मैत्रिणींमध्ये रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली. त्यांनी पतीला विचारले, ते अनाथ मूलच घेऊ का? हारिस म्हणाले, हरकत नाही, कदाचित अल्लाह त्यातच बरकत देईल. एवढ्या साध्या संवादाने निर्णय झाला. त्यात थोडी लाज होती, थोडी निकड होती आणि थोडा भरवसा होता.

हलीमांच्या आधी बाळाला काही दिवस सुवैबा यांनी पाजले होते. त्या अबू लहबच्या दासी. त्यांनी हजरत हमजा (र.) यांनाही पाजले होते, त्यामुळे हमजा हे नात्याने काका असूनही पैगंबरांचे (स.) दूधभाऊ ठरले. या दासीचा विसर पैगंबरांना (स.) कधी पडला नाही. मदीनेला गेल्यावरही ते सुवैबांसाठी कपडे आणि भेटी पाठवत राहिले. त्या वारल्याचे कळले तेव्हा त्यांचे कोणी नातेवाईक उरले आहेत का, याची त्यांनी चौकशी केली.

बाळाला घेऊन हलीमा आपल्या मुक्कामावर आल्या, त्याला छातीशी धरले आणि पान्हा फुटला. बाळ पोटभर प्यायले, मग अब्दुल्लाहही प्यायला आणि दोघे झोपी गेले. हारिस उंटिणीकडे गेले तर तिची कास भरलेली. नवरा-बायकोने पोटभर दूध पिऊन कितीतरी दिवसांनी शांत झोप घेतली. परतीच्या वाटेवर तीच मरतुकडी गाढवी इतकी भरभर चालू लागली की बरोबरच्या बायका हलीमांना थांबायला सांगू लागल्या. ही आधीचीच गाढवी का, असेही त्यांनी विचारले. घरी परतल्यावरही मुलूख तसाच कोरडा होता, पण हलीमांच्या शेळ्या-मेंढ्या चरून भरल्या कासेने घरी येत. शेजारी आपल्या गुराख्यांना हलीमांची जनावरे जिथे चरतात तिथेच आपली न्यायला सांगत.

श्रद्धावंत याला बरकत म्हणतात आणि ती आहेच. बालरोगतज्ज्ञ त्यातल्या एका भागाबद्दल आणखी काही सांगतील. आईचे दूध हे हंड्यातल्या पाण्यासारखे मोजून साठवलेले नसते. बाळ जितके ओढते, तितके ते तयार होते. ओढणे थांबले की आटते. रात्रीचे पाजणे तर दूध टिकवण्यासाठी फार महत्त्वाचे. जुळ्यांच्या आया दोघांना पाजतात ते याच बळावर. मला दूधच येत नाही, असे म्हणणाऱ्या बहुतेक आयांना खरी गरज असते ती बाळाला नीट धरायला शिकवणाऱ्या अनुभवी हातांची, पुरेशा जेवणापाण्याची आणि चार दिवस टोमणे न मारणाऱ्या घराची. वरच्या दुधाचा डबा आणला की बाळ कमी ओढते, मग खरोखरच दूध कमी होते, आणि डबा आणणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते! हे चक्र गावोगाव दिसते. ते इतके दिसू लागले की १९९२ साली भारताला डब्यातल्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

हलीमांच्या घरातली आणखी एक आठवण वडीलधारी माणसे सांगतात. बाळ मुहम्मद (स.) एकाच बाजूचे दूध पीत, दुसरी बाजू दूधभावासाठी सोडत. रमजानच्या संध्याकाळी इफ्तारच्या आधी नातवंडांना सांगायला याहून गोड गोष्ट नाही.

दोन वर्षे पूर्ण झाली आणि दूध तोडले. दोन वर्षांची ही मुदत पुढे कुरआनातही आली. अल-बकरा या सूरहची २३३वी आयत या विषयावरचा छोटा कायदाच आहे. ज्यांना पूर्ण मुदत पाजायचे आहे त्या मातांनी दोन वर्षे पाजावे. या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर, त्याच्या ऐपतीप्रमाणे. मुलाच्या निमित्ताने आईला छळू नये आणि बापालाही नाडू नये. दोघांनी आपसात सल्लामसलत करून, राजीखुशीने लवकर दूध तोडायचे ठरवले तर दोष नाही. दाई ठेवायची असेल तर तिचा ठरलेला मोबदला रीतीने चुकता करावा. घटस्फोट झाला असेल तरी पाजणाऱ्या आईला मोबदला द्यावा, हे अत-तलाक या सूरहमध्ये आहे. अंगावर पाजणे हे काम आहे, त्याला वेळ लागतो, अन्न लागते आणि त्याची जबाबदारी एकट्या बाईवर टाकता येत नाही, हे सातव्या शतकात लिहून ठेवले गेले. आजची जागतिक आरोग्य संघटनाही पहिल्या तासात पाजणे सुरू करा, सहा महिने फक्त आईचे दूध द्या आणि वरच्या अन्नासोबत ते दोन वर्षे व पुढेही चालू ठेवा, असेच सांगते.

पहिल्या तासाचा मुद्दा मात्र आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक कित्येक घरांत वाईट समजून पिळून टाकला जातो, आणि बाळाच्या तोंडात मध, घुट्टी, गुळाचे पाणी जाते. गाय व्याल्यावर चिकाचा खरवस आपण वाटीवाटीने मागून खातो आणि माणसाच्या लेकराचा चीक फेकतो, हा उलटा न्याय आहे. त्या चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये असतात; ती बाळाची पहिली लस म्हणावी. मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला अजिबात देऊ नये, असे डॉक्टर बजावतात. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. आईचाही फायदा होतोच. बाळ पिऊ लागले की गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव कमी होतो, आणि पुढे स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो.

दूध तोडल्यावर हलीमा रिवाजाप्रमाणे बाळाला घेऊन मक्केला आल्या. पण त्यांचे मन निघेना. मक्केत तेव्हा साथ होती. मूल अजून कोवळे आहे, इथल्या हवेत नको, आमच्याकडे आणखी काही दिवस राहू द्या, असे त्यांनी बीबी आमिनांना विनवले आणि त्यांना राजी केले. मोबदला मिळेल का म्हणून ज्या मुलाला आधी नको म्हटले होते, त्याच मुलासाठी त्या आता हट्ट करत होत्या. मूल परत वाळवंटात आले. दूधबहीण शैमा थोडी मोठी होती. ती त्याला कडेवर घेऊन फिरे, खेळवी, आईच्या कामात मदत करी. एकदा कडेवरच्या त्या लहानग्याने तिला कडकडून चावा घेतला. त्याचा वण पुढे साठ वर्षे टिकायचा होता.

मग ती घटना घडली जिला चरित्रकार छाती उघडण्याची घटना म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी भावाला आडवे केले, असे सांगत अब्दुल्लाह धावत आला. हलीमा आणि हारिस घाबरून गेले. परक्याची अमानत आहे, काही बरेवाईट झाले तर काय तोंड दाखवायचे, म्हणून त्यांनी मुलाला आईकडे नेऊन पोचवले. इतक्या हट्टाने नेलेले मूल असे अचानक का आणले, हे बीबी आमिनांनी खोदून विचारल्यावर हलीमांनी सगळे खरे सांगितले. मुलाचे वय तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. थोड्याच काळाने, ते सहा वर्षांचे असताना, बीबी आमिना मदीनेहून परतताना अबवा या ठिकाणी वारल्या. जन्मदात्या आईचा सहवास त्यांना हलीमांच्या सहवासापेक्षाही कमी लाभला असे म्हणावे लागते.

दूधआईची ही गोष्ट सातारा-पुण्याच्या माणसाला परकी वाटायचे कारण नाही. पाचगणीहून पुण्याकडे निघालेली गाडी वाई, सुरूर, शिरवळ मागे टाकून हमरस्त्याने पुढे गेली की कापूरहोळ लागते. भोरचा आणि सासवडचा रस्ता इथूनच फुटतो. प्रवासी चहाला उतरतात आणि पुढे जातात. हे धाराऊचे गाव. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. महाराणी सईबाईंची प्रकृती नाजूक होती, बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा पुरंदरच्या पायथ्याच्या मुलखातल्या या गावातून गाडे घराण्यातली धाराऊ गडावर आली आणि तिने स्वराज्याच्या युवराजाला अंगावर पाजले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. आजी जिजाबाईंनी त्यांना वाढवले, पण दूध धाराऊचे होते. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे छत्रपतींचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. एका शेतकरी बाईने आपल्या लेकरांच्या वाट्याचे दूध राजाच्या लेकराला दिले, तिला इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम एक-दोन ओळी मिळाल्या. हलीमांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण ज्यांना त्यांनी पाजले त्यांनी स्वतःच ती आठवण जपली.

मोगलांकडेही दूधभावाला मोठा मान असे, त्याला कोका किंवा कोकलताश म्हणत. औरंगजेबाचा दूधभाऊ खानजहान बहादूर कोका दख्खनचा सुभेदार होता. पेडगावच्या बहादूरगडाला त्याचेच नाव आहे. १६८९ साली कैद झालेल्या संभाजीराजांना औरंगजेबापुढे उभे केले गेले ते याच गडावर. नात्यांचा असा विचित्र फेरा इतिहासात क्वचित दिसतो.

इस्लामी कायद्यात दूधनाते केवळ मानाचे नाही. अन-निसा या सूरहमध्ये लग्नाला मनाई असलेल्या नात्यांत दूधआई आणि दूधबहीण यांचा उल्लेख आहे. किती पाजल्यावर हे नाते लागू होते यावर इमामांत फरक आहे. हनफी मताने थोडे दूधही पुरे. कोकणी मुस्लिम ज्या शाफई मताचे आहेत त्यात पाच वेळा पाजलेले असावे लागते. हा जुना तपशील आज अचानक ताजा झाला आहे. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी हे दूध जीव वाचवणारे ठरते. पण पेढीत अनेक आयांचे दूध एकत्र होते, मग दूधनाते कोणाशी जोडायचे, असा प्रश्न पडून उलेमांत दोन मते झाली. काहींनी हरकत घेतली, काहींनी जीव वाचवणे आधी म्हणत परवानगी दिली. काचेच्या पेटीतले एक किलोचे बाळ वाट पाहत असते, तेव्हा दुसरे मत मनाला अधिक पटते.

हलीमांच्या दारातल्या दुष्काळासारखीच एक रात्र पुढे खलिफा हजरत उमर (र.) यांच्या काळातही येऊन गेली. मदीनेच्या बाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ (र.) त्यांच्यावर पहारा देत होते. एका बाळाचे रडणे थांबेना. उमर तीनदा त्या आईकडे गेले. अखेर वैतागून तिने सांगितले की ती मुलाचे दूध तोडते आहे, कारण खलिफा दूध तोडलेल्या मुलालाच भत्ता देतात. समोर उभा आहे तोच खलिफा आहे, हे तिला माहीत नव्हते. मुलाचे वय अवघे काही महिने होते. पहाटेच्या नमाजात उमर यांना इतके रडू कोसळले की मागच्यांना त्यांचे पठण नीट ऐकू येईना. आपल्या नियमापायी किती लेकरांचे हाल झाले असतील, हा विचार त्यांना पोखरत होता. त्यांनी लगेच दवंडी पिटवली की दूध तोडायची घाई करू नका, यापुढे भत्ता जन्मापासून मिळेल. धोरण चुकीचे आखले तर ते आईच्या पदराखालचे दूधही हिरावून घेते, हे त्यांना एका रडण्यातून कळले. आपल्याकडे १९६१ साली मातृत्व लाभ कायदा झाला, २०१७ साली त्यातली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामावर पाजायला दोनदा सुट्टीही आहे. पण हा कायदा नोकरदार बाईचा. गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे ऐन स्ट्रॉबेरीच्या तोडणीत. भिलार, खिंगर, गोडवलीच्या शेतांत पहाटे वाफ्यांवर वाकलेल्या मजूर बाईला ही रजा कोण देणार?

आणि त्यातही ती रोजे ठेवत असेल तर? शरीयतने तिची वाट आधीच मोकळी केली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा सोडण्याची सवलत आहे. नंतर सवडीने, थंडीच्या लहान दिवसांत म्हणा, तेवढे रोजे भरून काढायचे. शाफई मताने, केवळ बाळासाठी सोडले असतील तर कजा रोज्यासोबत प्रत्येक दिवसामागे गरिबाला अन्नही द्यायचे. हनफी मताने कजा पुरे. पाजल्याने रोजा तुटत नाही, त्यामुळे ज्यांना झेपते त्या रोजा ठेवूनही पाजू शकतात. पण बाळ दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओले करू लागले, सुस्तावले, किंवा आईला गरगरू लागले, तर ती सवलत घेण्याचीच वेळ असते. कित्येक घरांत सून रोजा सोडते तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लपून घास खाते, जणू गुन्हा करते आहे. सासूने तिच्या पुढ्यात ताट वाढावे, अछवानीचा पेला ठेवावा. हलीमांचा पान्हा आटला होता तो उपासमारीनेच.

हलीमा पुन्हा भेटल्या त्या पैगंबरांच्या (स.) तरुणपणी. त्यांचा बीबी खदीजा (र.) यांच्याशी विवाह झाला होता. बनू सादमध्ये पुन्हा दुष्काळ पडला होता आणि हलीमा गाऱ्हाणे घेऊन मक्केला आल्या. त्यांना पाहताच पैगंबर (स.) आई, आई म्हणत उठले, आपली चादर अंथरून त्यावर त्यांना बसवले. बीबी खदीजांनी या सासूला ४० मेंढ्या आणि एक उंट देऊन पाठवले. श्रीमंत घरातल्या सुनेने नवऱ्याच्या दाईला सासूचा मान दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षे गेली. हिजरी सन ८च्या रमजान महिन्यात, म्हणजे इसवी ६३० साली, मक्का जवळजवळ रक्तपाताशिवाय जिंकली गेली. पण ईद होते न होते तोच शव्वालमध्ये हवाजिन कबिला युद्धाला उभा राहिला. हा हलीमांचाच कबिला. त्यांचा तरुण सरदार मालिक बिन औफ याने आपले लोक पळून जाऊ नयेत म्हणून बायका, मुले आणि सारी जनावरे रणांगणावर आणली. हुनैनच्या घाटात पहिल्या हल्ल्याने मुस्लिम सैन्य विस्कटले. पैगंबर (स.) आपल्या खेचरावर जागच्या जागी ठाम राहिले. त्यांच्या जवळ उभ्या राहिलेल्या मोजक्या लोकांत चुलतभाऊ अबू सुफियान बिन हारिस (र.) होते; त्यांनीही हलीमांचे दूध प्यायले होते. लढाईचे पारडे फिरले आणि हवाजिनची सुमारे ६००० बायकामुले कैदी झाली.

त्या कैद्यांत एक म्हातारी होती. मी तुमच्या साहेबांची बहीण आहे, असे ती सांगत होती आणि कोणी विश्वास ठेवत नव्हते. तिला पैगंबरांपुढे (स.) आणले. तिने चाव्याचा वण दाखवला. ती शैमा होती. पैगंबरांचे (स.) डोळे भरून आले. त्यांनी चादर अंथरून तिला बसवले. इथे सन्मानाने राहा किंवा आपल्या लोकांत परत जा, जे मनाला येईल ते कर, असे सांगितले. शैमांनी इस्लाम स्वीकारला, पण परत जाणे पसंत केले. जाताना त्यांना भरपूर भेटी दिल्या.

मग जिइराना येथे हवाजिनचे शिष्टमंडळ आले. त्यांच्या वतीने बोलणाऱ्याने लढाईची बाजू मांडलीच नाही. त्याने एवढेच लक्षात आणून दिले की या कुडांच्या आत बांधलेल्या बायकांत तुमच्या दूधमावश्या आहेत, दूधआत्या आहेत, तुम्हाला कडेवर घेऊन फिरलेल्या आहेत. पैगंबरांनी (स.) माल आणि माणसे यांपैकी एक निवडायला सांगितले, त्यांनी माणसे निवडली. पैगंबरांनी (स.) आपल्या आणि आपल्या कुटुंबाच्या वाट्याचे कैदी लगेच सोडले. ते पाहून मुहाजिर आणि अन्सार यांनीही आपापल्या वाट्याचे सोडले. काही टोळ्यांचे सरदार अडून बसले, तेव्हा त्यांना प्रत्येक कैद्यामागे सहा उंट पुढच्या वाट्यातून देण्याचे वचन देऊन मोकळे करवले. सहा हजार माणसे घरी गेली. हलीमांनी अनाथाला दिलेल्या दोन वर्षांच्या दुधाचा हिशेब त्यांच्या टोळीच्या पदरात असा पडला.

त्याच जिइरानाच्या तळावर अबू तुफैल नावाचा एक मुलगा उंटाचे मांस वाहून नेण्याच्या कामात होता. पैगंबर (स.) वाटप करत होते. इतक्यात एक बाई आली. पैगंबरांनी (स.) आपली चादर जमिनीवर अंथरली आणि ती तिच्यावर बसली. ही कोण, असे त्या मुलाने शेजारच्यांना विचारले. त्यांची दूधआई, असे उत्तर मिळाले. त्या हलीमाच होत्या की आणखी कोणी, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. काहींच्या मते हलीमा तोवर हयात नव्हत्या. मदीनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानात एक कबर हलीमांची म्हणून दाखवली जाते. उमराहला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका तिची चौकशी आवर्जून करतात.